घाट बंद आसा

एका इंजिनाची वाट आम्ही अकरा वर्षं पाहिली. इंजिन यायला तेवढा वेळ लागला, पण किस्से मात्र दर रविवारी येत राहिले, एकही कधी लेट नाही. आता ते ठेवायचे कुठे? घरी सांगायला गेलो की बायको म्हणते, "तुमच्या त्या खेळण्यांचं पुराण मला नको." म्हणून तुम्हाला सांगतो. वैतागाचे किस्से आहेत, आधीच सांगून ठेवतो. हसू आलं तर खुशाल हसा, मला त्या वेळी आलं नव्हतं.

पहिली गोष्ट म्हणजे गोव्यातल्या आमच्या डिचोली तालुक्यात रेल्वे नाही. टिपर आहेत, नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जी आहेत, खाणीचा लाल धुरळा आहे, पण रूळ म्हणून इंचभर नाही. आणि असल्या गावात आमचं मॉडेल रेल्वेचं मंडळ! माणसं चार. एक दोतोर, म्हणजे गावचे डॉक्टर. त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आमचं मेज, भिंतीपासून जनेलाच्या गजांपर्यंत. दुसरा शामराव, मूळचा कोल्हापूरकडचा, इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटीत फोरमन. तिसरा मी, सदा, पाळीच्या खाणीवर नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन. आणि चौथे बाबुलीमामा, पेडण्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन ड्रायव्हर.

आम्ही तिघं हौशी. मामा खरे. सगळ्या भानगडीचं मूळ हेच.

मामा रविवारी सकाळी पेडण्याहून दोन बस बदलून यायचे. हातात एक कापडी पिशवी, गाठ मारलेली, चांगली जड. आले की पिशवी कदेलाखाली ठेवायची आणि त्याच खुर्चीवर बसायचं. शामरावने एकदा विचारलं, "काय आणलंय मामा, नारळ?"

"नारळ," मामा म्हणाले आणि पिशवी पायाने आणखी मागे सरकवली.

अकरा वर्षांत आम्हाला त्यातली खोबऱ्याची एक शकल मिळाली नाही.

*

मामांनी मीटरगेजची घाटातली शेवटची गाडी चालवली होती. हा किस्सा दोतोरांचा, कारण ते त्या गाडीत होते. रूळ रुंद करायचं ठरलं होतं. मामांची गाडी पायथ्याच्या कुळें स्टेशनातून घाट चढून वर पोचली, की मागचे अरुंद रूळ उखडायला घ्यायचे.

वरच्या स्टेशनात तोबा गर्दी. हार, ताशे, कोणाकोणाची भाषणं. लोकांनी मामांचा पाय जमिनीला लागूच दिला नाही. इंजिनातून ओढून थेट खांद्यावर. मामा वरून ओरडतायत, "सोडा रे माका, माझा काम रवलां!" लोक म्हणतात, बघा, काय नम्र माणूस आहे. स्टेशनमास्तर स्वतः डोळे पुसत ताशाच्या पुढे नाचत होते.

मिरवणूक बाजारापर्यंत गेली. तिथून कोणीतरी मामांना जीपमध्ये घातलं आणि हारांसकट पेडण्याला आणून सोडलं. दुसऱ्या दिवसापासून मामा निवृत्त.

आठवड्याने ते परत घाटावर गेले होते म्हणे. कशाला गेला होता, म्हणून मी विचारलं, तर एवढंच म्हणाले, "मास्तर बदलान गेलो. मशीनय काडून न्हेला. कोण नाय थंय."

त्या सन्मानाची आठवण कोणी काढली की मामा शिव्या घालत.

*

आमच्या मेजावर आम्ही तोच रस्ता बांधला. खाली कुळें, त्याभोवती एक गोल फेरा, आणि एका बाजूने घाट चढून वरचं स्टेशन. डोंगर चिऱ्यांच्या तुकड्यांचे, झाडी लाकडाच्या भुशाची. मीटरगेज म्हणजे रूळही अरुंद हवेत. ते स्वित्झर्लंडचे मिळाले, कारण तिकडच्या डोंगरात अजून मीटरगेज चालतं. दोतोरांचा भाऊ लिस्बनला असतो, त्याने रूळ पाठवले आणि सोबत स्वित्झर्लंडचंच एक लाल इंजिनही पाठवलं. काय देखणं इंजिन! जन्म डोंगर चढण्यासाठीच.

घाट पुरा झाला त्या रविवारी दोतोरांनी लाल इंजिन घाटाच्या तोंडाशी आणलं. मामांनी रुळावर आडवा हात ठेवला.

"घाट बंद आसा."

"कोणी बंद केला?" दोतोर म्हणाले.

"घाटार पयली माझी गाडी जातली. मगे तुमची."

माझी गाडी म्हणजे त्यांचं ते मीटरगेजचं डिझेल इंजिन, वायडीएम-फोर. ते छोटं करून बनवणारी कंपनी तेव्हा आम्हाला अख्ख्या जगात माहीत नव्हती. आमच्याकडे कॅटलॉगांचा हा ढीग. त्यात स्वित्झर्लंड आहे, अमेरिका आहे, सर्कशीची गाडी आहे, जिराफाला मान बाहेर काढायला भोक ठेवलेला डबा आहे. मामा चष्मा लावून पान पान बघायचे आणि शेवटी म्हणायचे, "जिराफ आसा. आमचा खंय?"

मी समजावलं, "मामा, ते कोणी बनवतच नाही."

"बनवतले."

"आणि नाही बनवलं तर?"

"मगे घाट बंद. माझी एक फेरी रवली आसा रे, सदू."

म्हातारपणी माणसाला एकेक खूळ लागतं, म्हणून आम्ही सोडून दिलं. दोन वर्षं खपून बांधलेला घाट, आणि त्यावरून एक चाक फिरायचं नाही. मेज दोतोरांचं, इंजिन दोतोरांचं, पण मामांचा हात बाजूला सारायची हिंमत कोणात नव्हती. तीस वर्षं जो खरा घाट चढला, त्याला काय सांगणार? मी मात्र दर रविवारी घरी जाताना मनातल्या मनात भांडायचो.

*

आता माझ्या अकलेचा किस्सा. रुळाखाली खडी पाहिजे. बाजारातली तयार खडी करड्या रंगाची, आणि आपली माती लाल. मी म्हटलं, खाणीवर नोकरी करणाऱ्याने खडी बाहेरून आणायची? पाळीहून डबाभर खनिजाची पूड आणली, चाळली, डिंकाने चिकटवली. मेज असं दिसायला लागलं की दोतोरांची कंपाउंडर बाईसुद्धा बघायला आली.

लाल इंजिन दोन फेरे फिरलं. तिसऱ्या फेऱ्याला गुरगुरलं. चौथ्याला ठप्प.

उघडलं, तर आत मोटर, मोटरीत चुंबक, आणि त्या चुंबकाने आमची अर्धी लाईन पोटात ओढून घेतलेली! लोखंडाची खाण आहे, हे मला सोमवार ते शनिवार ठाऊक असतं. रविवारी तेवढं विसरलो.

दोतोर तीन रविवार चिमट्याने कणकण काढत बसले होते, माझ्याशी अक्षर न बोलता. तिसऱ्या रविवारी शामरावने वाटीत डोकावून विचारलं, "दोतोर, बार्ज मागवायची का आता?"

*

गोळ्याचं सांगायला हवं. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून रेल्वेत एक लोखंडी गोळा असतो. स्टेशनमास्तर तो मशीनमधून काढून ड्रायव्हरला देतो. पुढच्या स्टेशनात ड्रायव्हर तो तिथल्या मास्तरच्या हातात देतो, मग तो तिथल्या मशीनमध्ये जातो, आणि मगच त्या पट्ट्यात दुसरी गाडी सोडता येते. गोळा ड्रायव्हरकडे असेपर्यंत लाईन त्याची. दुसरं चाक फिरायचं नाही.

मामांनी मेजावरही गोळा सक्तीचा केला. गोळा म्हणून एक सुपारी ठेवली. ज्याची गाडी त्याच्या हातात सुपारी, फेरा संपला की सुपारी वाटीत.

एका रविवारी शामराव गाडी चालवत होता आणि कारखान्यातल्या कुठल्या तरी साहेबाला शिव्या देत होता. फेरा संपला. मामांनी हात पुढे केला. "गोळो खंय?"

शामरावचं तोंड हलायचं थांबलं.

"मामा... खाल्ली की म्या."

"लायन बंद," मामा म्हणाले.

"आवं, खिशात पाच हायेत. ही घ्या दुसरी."

"ती सुपारी. ती गोळो न्हय."

"मग आता वो?"

"जो गोळो गेलो, तोच परत येवक होयो."

आम्ही तिघांनी शामरावकडे पाहिलं. "माझ्याकडं काय बघताय?" तो म्हणाला आणि चहा सांगायला बाहेर गेला.

त्या दिवशी एक गाडी फिरली नाही. पुढच्या रविवारी मामांनी शामरावकडून लेखी जबाब घेतला, "मी लाईनवरील गोळा चुकून खाल्ला," खाली सही, आणि तो कागद भिंतीवर चिकटवला. मगच नव्या सुपारीला कुंकू लागलं. दोतोर चेष्टेने म्हणाले, "मामा, खऱ्या लायनीवर ड्रायव्हरच्या हातून असं काही झालं तर?"

"लिवन दिवचा. लिवन दिला की माणूस मोकळो," मामा म्हणाले. मग कपातला चहा ढवळायला लागले. "पण लिवन घेवक मास्तर होयो मरे."

*

मधल्या काळात पेडण्यात नवी रेल्वे आली. मामांच्या अंगणातून रूळ दिसतात. पहिली गाडी आली तेव्हा अख्खा वाडा नटूनथटून बघायला गेला, कोणी हार घेतले, कोणी पेढे घेतले. मामा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होते, गाडीकडे पाठ करून.

शेजारचा एक जण धावत आला. "मामा, तुमी एवडे ड्रायवर, कशी वाटली गाडी?"

मामांनी मान वळवून एकदा बघितलं आणि परत बियांकडे वळले.

"रुंद."

*

परदेशी कंपन्यांना आम्ही पत्रं लिहून थकलो. मग कळलं, आपल्याच देशात एक कारखाना निघाला आहे, भारतीय इंजिनं बनवणारा. आम्हाला वाटलं, चला, आता सुटलो. कसलं काय! त्यांची सगळी इंजिनं ब्रॉडगेजची. आम्ही दर चवथीला पत्र टाकायचं ठरवलं, गणपतीच्या साक्षीने. दर दिवाळीला उत्तर यायचं की मीटरगेजला मागणी दिसत नाही. तिसऱ्या वर्षी मी जरा कडक लिहिलं, तर उत्तर आलं, "मागणी असल्यास दाखवावी."

शामराव म्हणाला, "दाखवूया की. सह्या गोळा करू."

गोव्यात सह्या गोळा करायला अक्कल लागत नाही. मराठी की कोकणी, हा भाषेचा वाद पेटला होता तेव्हा आमच्या ओळखीच्या कित्येकांनी दोन्ही बाजूंच्या कागदांवर सह्या ठोकल्या होत्या, सही घ्यायला आलेला माणूस ओळखीचा म्हणून. पुढे भाषा झाली, राज्य झालं, पण ती सवय काही गेली नाही. शामराव बुधवारच्या बाजारात उभा राहिला. कागदावर मथळा, "मीटरगेज इंजिन मिळावे ही विनंती." मासळीवाल्यांनी सह्या केल्या, टिपरवाल्यांनी केल्या. लाटंबार्श्याच्या एका काजूवाल्याने दोन केल्या, एक स्वतःची आणि एक घरी राहिलेल्या बायकोची. कशाचं इंजिन, किती मोठं, एकानेही विचारलं नाही.

महिन्याभराने बसस्टँडवरच्या सभेत एक पुढारी म्हणाला, "डिचोलीकरांची रेल्वेची मागणी मी वरपर्यंत पोचवीन." टाळ्या पडल्या. आम्ही मान खाली घालून मागच्या मागे सटकलो.

पुढच्याच रविवारी सर्वणचे एक बागायतदार दवाखान्यात आले. काखेत जमिनीचे कागद, कपाळावर आठ्या. "रेलीचे लोक तुमीच न्हय? म्हज्या कुळागरांतल्यान लायन व्हरूंक दिवचो ना हांव!"

दोतोर म्हणाले, "अहो, तसं काही नाही. या, बघा तरी."

त्यांना मेजापाशी आणलं. दिवे लावले, लाल इंजिन सोडलं. बागायतदार कमरेत वाकून सगळं बघत होते. कुळें बघितलं, पूल बघितला, घाट बघितला. राग पार उतरला. मग सरळ उभे राहून त्यांनी विचारलं, "आनी सर्वण खंय?"

"सर्वण ह्यात नाही," मी म्हटलं.

"ना? कित्याक ना? आमी कितें पाप केलां?"

भांडून गेले ते गेलेच, दोन वर्षं दोतोरांकडे औषधाला आले नाहीत.

*

सह्या पाठवल्या, उत्तर नाही. मामांनी मग स्वतःचा मार्ग काढला. पेडण्यात देवळात जाऊन कौल लावला. आमच्याकडे ही रीत आहे. देवाला पाकळ्या लावायच्या, भटजींनी गाऱ्हाणं घालायचं, उजवी पाकळी पडली तर होय आणि डावी पडली तर नाही. लोक लग्नाचं विचारतात, कोर्टाचं विचारतात. मामांनी विचारलं, "मीटरगेजचा इंजिन कंपनी काडतली काय नाय?"

भटजींनी असलं गाऱ्हाणं जन्मात घातलं नव्हतं. पण माणूस जुना आणि कामाला पक्का. त्यांनी तसंच गाऱ्हाणं घातलं, "देवा म्हाराजा, ह्या लेकराचा जा काय इंजिन अडकला आसात, ता मोकळा कर."

उजवी पडली.

मामा ते कंपनीला लिही म्हणून माझ्यामागे लागले. मी म्हटलं, मामा, लोक हसतील. मामा उठेनातच. शेवटी चिडून मी इंग्रजीत एक ओळ घातली, की या कामाला आमच्या देवस्थानची मान्यता मिळाली आहे.

पंधरा दिवसांत उत्तर. एवढ्या लवकर कधी आलं नव्हतं. "मान्यतेबद्दल वाचून आनंद झाला. देवस्थान किती नग घेणार, ते कृपया कळवावे."

मी मामांना वाचून दाखवलं. ते गंभीरपणे विचार करत राहिले.

"एक," ते म्हणाले. "एक पुरो."

*

देवाने केलं, की आमच्यासारख्या इतर मीटरगेजवेड्यांनी त्यांचं डोकं खाल्लं, कोण जाणे, पण कंपनीने एकदाचा होकार दिला. सोबत मागणी, की इंजिनाचे नकाशे आणि फोटो पाठवा. मी म्हटलं, हे तर माझंच काम. कागद ताणला, पेन्सिली तासल्या, मामांना समोर बसवलं. तीस वर्षं त्या इंजिनावर काढलेला माणूस, आणखी काय हवं?

मामांना ब्रेकचं हँडल किती वळायचं ते ठाऊक. सीटची कुठली स्प्रिंग टोचायची ते ठाऊक. पावसात कुठल्या काचेतून पाणी यायचं, तेही ठाऊक.

"बरं, बाजूला जाळ्या किती?" मी विचारलं.

"माका काय खबर? मी भितर."

"टपावर पंखा एक की दोन?"

"टपार कोण चढलो?"

"मामा, तीस वर्षांत एकदाही बाहेरून बघितलं नाही?"

"गाडी कोण चलवतलो मगे?"

पेन्सिल आपटली मी. मामांच्या घरात फोटो निघाला फक्त एक. दसऱ्याचा, पूजेच्या दिवशीचा. इंजिनाला हार, पुढे दोन बाजूंना केळीचे दोन खांब बांधलेले, आणि मधोमध मामा उभे. दुसरं काही नव्हतं म्हणून तोच पाठवला.

वर्षाने नमुन्याचा फोटो आला. साचा म्हणे परदेशात बनतो, आणि तिथल्या कारागिराने फोटोत दिसलं ते इमानदारीत केलं होतं. इंजिनाच्या पुढे दोन हिरवे खांब. खाली यादीत लिहिलेलं, "फ्रंट पोस्ट, हिरवे, २ नग." आणि मधोमध, मामा उभे होते तेवढी जागा गुळगुळीत कोरी!

मी कपाळाला हात लावला. मामा मात्र खूष. "केळी कित्याक काडतास? रवांदेत. दसऱ्याक बरी दिसतली."

दुरुस्तीचं पत्र गेलं, म्हणजे आणखी एक वर्ष गेलं. त्या वर्षी मामांचा उजवा हात थरथरायला लागला. कप बशीत ठेवताना वाजायचा. दोतोरांनी तपासलं, बसचा प्रवास बंद करा म्हणाले. मामा पुढच्या रविवारी हजर, दोन बस बदलून, पिशवीसकट. ते बसले आणि दोतोरांनी मला बाहेर बोलावलं.

"सदा, कंपनीला लिही, घाई करा म्हणून. खूप दिवस नाहीत."

इतकी वर्षं त्या इंजिनाच्या नावाने मी नुसता चिडत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. मी त्याच दुपारी पत्र लिहिलं, आणि त्यात पहिल्यांदाच नुसती विनवणी केली.

*

खोका आला तो काजूच्या मोसमात. दोतोर स्वतः गाडी घेऊन पेडण्याला गेले आणि मामांना घेऊन आले. मामांनी निवृत्तीनंतर कधी न घातलेला कोट घातला होता. पिशवी मांडीवर होती, ती त्यांनी दोतोरांना धरू दिली नाही.

इंजिन मी बाहेर काढलं. केळी नव्हती. जाळ्या होत्या, पंखा होता, रंग बरोबर होता. मी ते मामांच्या हातात दिलं. त्यांनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून फिरवून पाहिलं.

"बाहेरसून असा दिसता तर," ते म्हणाले.

इंजिन कुळ्यात रुळावर ठेवलं, मागे चार डबे जोडले. मामा कदेलावर बसले, पिशवी खाली ठेवली.

"वयलो मास्तर कोण?"

"मी," मी म्हटलं, आणि मेजाच्या दुसऱ्या टोकाला, वरच्या स्टेशनापाशी जाऊन उभा राहिलो.

दोतोर खालचे मास्तर. त्यांनी वाटीतली सुपारी पुढे केली. मामांनी मान हलवली.

"नको. गोळो माझ्याकडे आसा."

दोतोरांनी माझ्याकडे पाहिलं. मामांचं वय झालं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. माझ्याही मनात तेच आलं. दोतोरांनी सुपारी परत वाटीत ठेवली.

मामांनी बटणावर हात ठेवला. हात थरथरत होता, पण गाडी हलली ती एक धक्का न देता. फेरा सोडून घाटाला लागली. अकरा वर्षं रिकाम्या पडलेल्या रुळांवरून ती वळण घेऊन वर चढत होती, बोगद्यात शिरत होती, बाहेर येत होती. चार मिनिटांत वर पोचली आणि फलाटाला लागून, बोटभरसुद्धा पुढेमागे न होता, थांबली.

शामरावने टाळ्या वाजवायला हात उचलले.

"थांब रे," मामा म्हणाले. "उचलू नको माका."

ते काठी टेकून उठले. कदेलाखालून पिशवी ओढली, गाठ सोडायला वेळ लागला, बोटं ऐकत नव्हती. आत रेल्वेचं जुनं हिरवं निशाण होतं, गुंडाळलेलं. ते उलगडत मामा मेजाच्या कडेकडेने माझ्यापर्यंत आले आणि माझ्या तळहातावर एक लोखंडी गोळा ठेवला. मोसंब्याएवढा, चांगला जड. त्यावर कोरलेली दोन स्टेशनांची नावं झिजली होती, पण वाचता येत होती.

"घेवा, मास्तरानू."

मी वाचली, एक कुळें, दुसरं घाटावरचं. मामा समोर उभेच होते. मास्तरने मिळालं म्हटल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"मिळालो," मी म्हटलं.

मामांनी मान डोलावली. हळूहळू परत गेले, कदेलावर बसले, रिकाम्या पिशवीची घडी करून कोटाच्या खिशात घातली. मग दोतोरांकडे वळले.

"दोतोर, आता सोडा तुमचा ता तांबडा."